पेलोटॉन नव्या मुलखात

सप्टेंबर २०२५मध्ये रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रवांडाच्या किगालीत झाली. आफ्रिकेत ती पहिल्यांदाच भरली. चार महिन्यांनी, १९ ते २३ जानेवारी २०२६ला, पुणे जिल्ह्यातून ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर धावली. ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या यादीतली शर्यत. या दोन्हींच्या निमित्ताने आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि रस्त्यांवरचा राग थोडा गाळून घेतला आहे.

प्रश्न : टूर द फ्रान्स वगैरे शर्यती म्हणजे युरोपचं घरचं कार्य. त्या नव्या देशांत नेण्याचा अट्टहास कशासाठी? न्याव्यात की नाही, सरळ सांगा. (नाशिक)

न्याव्यात. फक्त सुरुवात वरच्या मजल्यावरून करू नये.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. जुनी शर्यत चार दिवस परदेशात जाऊन येते, ही एक. टूर १९५४ साली पहिल्यांदा फ्रान्सबाहेरून, ॲमस्टरडॅमहून निघाली, २०२२ला कोपनहेगनहून. इटलीची जिरो २०१८ला जेरुसलेमहून आणि २०२५ला अल्बेनियातून सुटली. हा पाहुणचार झाला. चार दिवस मांडव, पाचव्या दिवशी खुर्च्या गोळा. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या देशात त्या देशाची स्वतःची शर्यत उभी राहणं. आमचा होकार आहे तो या दुसऱ्या गोष्टीला.

रवांडाची टूर १९८८पासूनची आहे. म्हणजे शर्यत आधी देशाची होती, यूसीआयची नंतर झाली. २००९ साली ती २.२ या तळाच्या दर्जाने यादीत शिरली, २०१९ला २.१ झाली आणि त्यानंतर सहा वर्षांनी जागतिक स्पर्धा आली. मधल्या काळात पोलिसांना, मोटारसायकलवाल्यांना, शिट्ट्या घेऊन चौकात उभ्या राहणाऱ्या पोरांना खऱ्या शर्यतीचा सराव झाला होता. त्या जोरावर २६७.५ किलोमीटर लांबीची आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास चढाची पुरुषांची शर्यत त्यांनी पार पाडली. १६५ जण निघाले, ३० पोचले, तादे पोगाचार जिंकला. एवढी गळती झाली ती मार्गामुळे. त्यात ‘मुर द किगाली’ नावाचा फरसबंदीचा, ४०० मीटरचा, ११ टक्क्यांचा चढ होता.

आता उलट उदाहरण. २०११ला टूर ऑफ बीजिंग थेट वर्ल्डटूरमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पंक्तीला बसवली गेली. आयोजक होती यूसीआयचीच उपकंपनी. २०१४ला धुरक्यामुळे एक टप्पा आखडता घ्यावा लागला आणि त्याच वर्षी शर्यत गुंडाळली. चार वर्षं, बस्स. कतारची टूर २००२ ते २०१६ चालली. सायकलिंगच्या दृष्टीने ती उत्तम होती हे कबूल करायला हवं. वाळवंटातला आडवा वारा स्वारांच्या जथ्याच्या, म्हणजे पेलोटॉनच्या, चिंध्या करायचा आणि टॉम बूनेनने ती चारदा जिंकली. पण रस्त्याकडेला चिटपाखरू नसायचं. २०१६ची जागतिक स्पर्धाही दोहात झाली, तिथेही तेच. पुढच्याच वर्षी, २०१७ला, शर्यत रद्द झाली.

ॲडलेडची टूर डाउन अंडर मात्र १९९९ला सुरू होऊन २००८ला वरच्या मालिकेत गेली आणि युरोपबाहेरची तिथली पहिली शर्यत ठरली. नऊ वर्षं तालीम केली, मग रंगमंच मिळाला. ती अजून चालू आहे.

प्रश्न : पुण्यात इतका गाजावाजा झाला, मग पोगाचार किंवा विंगेगारसारखे बडे स्वार का आले नाहीत? २.२ म्हणजे काय? (इचलकरंजी)

पहिला आकडा शर्यतीचा प्रकार सांगतो : १ म्हणजे एकदिवसीय, २ म्हणजे टप्प्यांची. टिंबानंतरचा आकडा दर्जा. खालून वर २.२, २.१, २.प्रो आणि शेवटी वर्ल्डटूर. २.२मध्ये कॉन्टिनेंटल (खालच्या पातळीचे) संघ, राष्ट्रीय संघ, क्लब असे उतरतात. वर्ल्डटूर संघांना त्या पायरीवर जागाच नसते. तेव्हा पोगाचारने यायचं म्हटलं असतं तरी त्याच्या संघाला येता आलं नसतं.

गुणांचा हिशेबही बघा. २.२ शर्यतीच्या विजेत्याला ४० गुण, २.१च्या विजेत्याला १२५, २.प्रोला २००. टूर डाउन अंडर ५०० देते आणि टूर द फ्रान्स १,३००. हे ४० गुण किरकोळ वाटतील, पण आशियातल्या छोट्या संघाला किंवा देशाच्या क्रमवारीला ते मोलाचे असतात. मोठे संघसुद्धा गुणांसाठी छोट्या शर्यती हुंगत फिरतात, कारण तीन वर्षांच्या बेरजेवर वर्ल्डटूरचे १८ परवाने ठरतात. २०२३ ते २०२५च्या फेरीत अस्ताना संघ आशियातल्या शर्यतींतूनही गुण वेचत काठावर आला आणि वाचला. भारतात २.१ची शर्यत उभी राहिली तर असे काही संघ नक्की येतील. आजवर एकही भारतीय टूर द फ्रान्समध्ये उतरलेला नाही. तो उतरायचा तर घराजवळ असे ४० आणि १२५ गुण दरवर्षी उपलब्ध असणं ही पहिली अट आहे.

प्रश्न : आमच्या रस्त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज दिले. शर्यत येणार म्हटल्यावर महिन्याभरात डांबर पडलं. आनंद आहे, पण हा रस्ता शर्यतीच्या लायक झाला म्हणजे नेमकं काय झालं? आणि उद्या शर्यत गेली की? (भोर तालुका)

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न संबंधित खात्याला. पहिल्याचं उत्तर देतो आणि सविस्तर देतो, कारण नव्या देशातली शर्यत बहुतेक वेळा रस्त्यावरच फसते.

गुळगुळीत डांबर म्हणजे शर्यतीचा रस्ता, हा गैरसमज आहे. जथा सपाटीवर ताशी ४५ ते ५०ने जातो, उतारावर ८०च्या पुढे. पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर मागचं चाक. पहिल्या दहा जणांना गतिरोधक दिसतो, ते चाक उचलून पार होतात. पंचविसाव्या माणसाला समोर फक्त पाठी दिसतात. त्याचे हात ब्रेकच्या मुठींवर सैल असतील तर धक्क्याने निसटतात. ते नाही झालं तरी पाण्याची बाटली स्टँडमधून उडते आणि रस्त्यावर गडगडते. चाळिसाव्याचं पुढचं चाक त्या बाटलीवर जातं. मग दहा-वीस जण एकमेकांवर. टीव्हीवर दिसतं ते ‘विनाकारण पडले’ असं. कारण साठ मीटर मागे असतं.

म्हणून मार्गावरचे गतिरोधक आधी खरवडून काढतात आणि शर्यतीनंतर पुन्हा बांधतात. काढता येत नसेल तिथे दोन्ही कडांना रंग, आधी फलक आणि पिवळा झेंडा व शिट्टी घेतलेला माणूस. रंबलरच्या पट्ट्यांनाही हेच लागू. दुभाजकाच्या टोकाला फोमची गादी बांधतात. गवताचे भारे चालतात, पण ते पाऊस पडल्यावर दगड होतात.

चेंबरची झाकणं पाहा. नवा थर टाकला की झाकण दोन-तीन इंच खाली राहतं आणि खड्डा तयार होतो. झाकण वर उचलून पुन्हा बसवायचं हे काम डांबराच्या आधी ठरवावं लागतं; नंतर ते कोणाच्याच निविदेत नसतं. जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेने असतील तर २८ मिलिमीटरचा टायर आत जाऊन अडकतो. फटी आडव्या करा, नाहीतर वर पत्रा टाका. काँक्रीट आणि डांबर शेजारी शेजारी असतील तर मधली उभी भेग सर्वांत वाईट, कारण ती डोळ्याला दिसत नाही आणि चाक पकडून ठेवते. ती भरून घ्यायची. पुलांच्या सांध्यांवर रबराची पट्टी. वळणावरची बारीक खडी शर्यतीच्या आदल्या दिवशी झाडून भागत नाही. त्याच पहाटे झाडावी लागते, कारण रात्रीत डंपर जातो. झेब्रा पट्ट्यांचा जाड चकचकीत रंग ओला झाला की साबणासारखा, तेव्हा वळणावर नवा रंग मारण्याची हौस टाळा. शर्यतीच्या तोंडावर ती सगळ्यांना होते.

रस्त्यानंतर माणसं. शंभर किलोमीटरच्या मार्गावर सरासरी अडीचशे मीटरला एक गल्ली, फाटा किंवा वस्तीचा रस्ता धरला तरी चारशे तोंडं होतात. प्रत्येक तोंडाशी एक माणूस हवा आणि त्याने कधी हलायचं हे त्याला पाठ हवं. नव्या ठिकाणी हमखास होणारी चूक ही : जथा सणसणत जातो, लोक ‘झालं’ म्हणतात, दोर खाली पडतो आणि दुचाकी रस्त्यावर येतात. पण घाटाच्या टप्प्यात मागे राहिलेले स्वार पंधरा-वीस मिनिटांनी येत असतात. शर्यत सुरू होते लाल झेंड्याच्या गाडीने आणि संपते हिरव्या झेंड्याच्या गाडीने. मधल्या वेळात कोणी कितीही गयावया केली तरी रस्ता बंद. कुत्र्यांचं वेगळं सांगायला नको. त्यांना झेंडे कळत नाहीत, म्हणून वस्तीच्या प्रवेशावर दोन माणसं जास्त.

ताफ्याचा क्रमही समजून घ्या. पुढे पोलीस, मग आयोजक आणि पंच. जथ्यामागे मुख्य पंचाची गाडी, डॉक्टर, त्यामागे संघांच्या गाड्या. ज्या संघाचा स्वार एकूण क्रमवारीत पुढे, त्याची गाडी पुढे. जथा आणि पुढे निसटलेली टोळी यांत साधारण मिनिटभराचं अंतर पडल्याशिवाय पंच संघाच्या गाडीला मध्ये शिरू देत नाहीत. बाटली घ्यायला मागे आलेला स्वार परतताना याच गाड्यांच्या बाजूने वर जातो, तेव्हा चालकाने एकच बाजू धरून राहायचं असतं. रुग्णवाहिका ताफ्यात असतात. त्या सगळ्या जखमींना घेऊन गेल्या तर एक परत येईपर्यंत शर्यत थांबवायची किंवा संथ करायची. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून स्वतंत्र वायरलेस. २०२४ला झुरिकच्या जागतिक स्पर्धेत म्युरिएल फुरर ही ज्युनियर स्वार जंगलाच्या कडेला पडली, ती उशिरा सापडली आणि दगावली. त्यानंतर किगालीत प्रत्येक स्वाराच्या सायकलवर जीपीएस होता. स्वित्झर्लंडसारख्या देशात हे घडलं, तेव्हा ‘नव्या देशात सुरक्षितता नसते’ असं बोट दाखवण्याआधी जुन्यांनी थोडं थांबावं. २०२० साली पोलंडच्या कातोवित्सेत फाबियो याकोब्सन ज्या उतारावरच्या समाप्तिरेषेवर कठड्यांत आदळला, तीही युरोपातलीच.

समाप्तीला किमान ३०० मीटर आधीपासून १०० मीटर पुढेपर्यंत दोन्ही बाजूंना कठडे लागतात. कठड्यांचे पाय रस्त्याकडे बाहेर आलेले नसावेत. मांडववाल्याकडचे नेहमीचे बॅरिकेड नेमके तसेच असतात. पाय मागे वळणारे, एकमेकांत अडकणारे कठडे मागवा.

प्रश्न : बघायला तिकीट नाही, मग यात पैसा येतो कुठून? नव्या देशात हे टिकेल कसं? (डोंबिवली)

तिकीट नाही ही या खेळाची शान आणि तीच दुखरी नस. आयोजकाला पैसा मिळतो तीन वाटांनी : सुरुवात आणि समाप्ती घेणाऱ्या शहरांची फी, टीव्हीचे हक्क, जाहिरातदार. टूर एएसओ या कंपनीची, जिरो आरसीएसची. टीव्हीच्या पैशात संघांना वाटा मिळत नाही; ते जर्सीवरच्या नावावर जगतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी संघांची नावं बदलतात आणि चाहत्यांचा गोंधळ होतो. ‘वन सायकलिंग’ नावाची सौदी पैशाची योजना ही मांडणी बदलायला निघाली होती. यूसीआयने २०२५च्या जूनमध्ये तिला आपल्या कॅलेंडरवर जागा नाकारली.

नव्या देशात टीव्हीचे पैसे जवळपास शून्य असतात, म्हणून पैसे देणारा एकच उरतो : सरकार. गर्दी असली म्हणजे झालं, हेही खरं नाही. टूर ऑफ कॅलिफोर्निया २००६पासून चालली, रस्ते माणसांनी फुलायचे, तरी २०१९नंतर आयोजकांना ती परवडेना. पैसे देणारा एकच असला की खांदेपालट झाली, खातं बदललं, की शर्यत गेली.

आयोजकांनी दोन गोष्टी कराव्यात असं आम्हाला वाटतं. रस्त्याचा खर्च आणि शर्यत चालवण्याचा खर्च वेगवेगळ्या खात्यांत दाखवावा. रस्ता पुढे लोक वापरतात, तो शर्यतीच्या माथी मारला की शर्यत उधळपट्टी दिसते. आणि पहिल्याच वर्षी तीन वर्षांची तरतूद घ्यावी. एका वर्षात फक्त चुका कळतात.

खर्च कमी कसा करावा हे ॲडलेडकडून शिकावं. तिथे संघ जवळपास सगळा आठवडा एकाच हॉटेलात राहतात, टप्पे शहराच्या आसपास फिरतात. रोज मुक्काम हलला की शेकडो माणसांचं सामान, मेकॅनिकांचे तंबू, धुलाई, जेवण सगळं हलतं. युरोपातले संघांचे बस-ट्रक समुद्र ओलांडत नाहीत. गाड्या यजमानाने द्यायच्या. सात स्वारांच्या संघाला प्रत्येकी एक मुख्य, एक राखीव सायकल धरली तरी चौदा. टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा, असेल तर त्याच्या वेगळ्या सायकली आणखी सात. म्हणून २०२३ला टूर डाउन अंडरने प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल, साध्या रोड सायकलवरच ठेवला. एका निर्णयात प्रत्येक संघाचं निदान सात खोक्यांचं विमानभाडं वाचतं.

प्रश्न : ज्या देशांवर गंभीर आरोप आहेत, ते शर्यत भरवून प्रतिमा धुऊन घेतात. सायकलिंगने त्यात का पडावं? (मुंबई)

रवांडाबाबत हा वाद झालाच. पूर्व काँगोतल्या संघर्षावरून युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०२५च्या ठरावात स्पर्धा रद्द करण्याची भाषा केली होती. स्पर्धा झाली, आणि काँगोचा प्रश्न होता तिथेच राहिला. पण हा आरोप फक्त नव्या देशांवर ठेवणं सोयीचं आहे. अमिराती, बहारीन आणि कझाकस्तानची राजधानी अस्ताना यांच्या नावांचे संघ युरोपातल्या शर्यतींतही धावतात. आणि रस्त्यावरचा खेळ राजकारणापासून कुंपण घालून वेगळा ठेवता येत नाही : २०२५च्या स्पेनच्या वुएल्ताचा माद्रिदमधला शेवटचा टप्पा इस्रायलच्या नावाच्या संघाविरुद्धच्या निदर्शनांमुळे अर्ध्यावर सोडावा लागला. त्या देशात ही शर्यत १९३५पासून होते आहे.

प्रश्न : पुण्याचं कौतुक पुरे. विदर्भात अशी शर्यत का नको? (नागपूर)

हवी की. पण महिना तुम्ही निवडायचा नाही, उन्हाने निवडायचा. यूसीआय आता नुसतं तापमान बघत नाही. दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा डब्ल्यूबीजीटी हा आकडा बघते. तो २८च्या पुढे गेला की लाल पट्टा : सुरुवातीची वेळ बदला, टप्पा छोटा करा, किंवा रद्द करा. साध्या थर्मामीटरवरचे ३५ अंश कोरड्या हवेत आणि दमट हवेत वेगळे आकडे देतात. नागपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच खिडकी. जानेवारीत मोठे संघ ऑस्ट्रेलियात, फेब्रुवारीत आखातात, पण २.२ दर्जासाठी ते आडवं येत नाही.

उन्हाने काय होतं याचं उदाहरण ओमानमध्ये २०१५ला दिसलं. आधी वाळूचं वादळ, मग चाळिशीपार तापमान. त्या काळी ब्रेक रिमवर लागायचे. लांब उतारावर ब्रेकच्या घर्षणाने कार्बनची रिम तापली, तापलेल्या रस्त्याची भर पडली आणि टायर फुटू लागले. स्वारांनी पुढे जायला नकार दिला, टप्पा रद्द झाला. आता डिस्क ब्रेक आल्याने रिम तापत नाही. पण सातपुड्यातला उतार दुपारी दोनला ठेवू नका. सकाळी आठला सोडा, बाराच्या आत संपवा.

प्रश्न : २०२७ला टूर एडिनबरातून निघणार आहे. आम्ही इथली मराठी मंडळी मिळून बघायला जाणार. जागा कशी निवडावी? (एडिनबरा)

२ जुलै २०२७, एडिनबरा ते कार्लाइल. सपाट सरळ रस्ता टाळा. तिथे जथा अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि फोनमध्ये फक्त धूसर रंग उरतात. चढ शोधा, त्यातही वरचा एक तृतीयांश भाग : वेग २०वर येतो, टोळ्या फुटतात, चेहरे दिसतात. ठिपक्यांच्या जर्सीवाला म्हणजे आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ समजा. रस्ता बऱ्याच आधी बंद होतो, जाहिरातींचा ताफा स्वारांच्या दोनेक तास आधी टोप्या नि खाऊ उधळत जातो. म्हणजे सकाळीच पोचायचं, डबा बरोबर हवा. मुलं रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवा. समोरच्या बाजूच्या आईकडे धावलेलं मूल हा दरवर्षीचा धोका आहे. सेल्फीसाठी जथ्याकडे पाठ करू नका.

प्रश्न : नव्या देशांत महिलांची शर्यत नेहमी मागाहून येते. का? (सोलापूर)

सवयीने. यूएई टूर २०१९ची, महिलांची २०२३ची. खर्चाचं कारण फारसं पटत नाही, कारण खरा खर्च रस्ता बंद करण्याचा आणि तो एकदा केलेलाच असतो. फ्लँडर्सची शर्यत पुरुष-महिलांची एकाच दिवशी, बऱ्याच अंशी त्याच चढांवर होते. पहिल्याच वर्षी दोन टप्पे महिलांसाठी ठेवले तरी लागतात ते जादा पंच, खोल्या आणि कठडे-माणसांचे तीन-चार तास.

प्रश्न : माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. अशा शर्यतीत आमच्यासारख्या मेकॅनिकला काम मिळू शकतं का? काय शिकावं? (कोल्हापूर)

मिळू शकतं, आणि आमच्या मते नव्या देशात शर्यत नेण्याचा सगळ्यात सरळ फायदा तो हाच. छोट्या संघांकडे अनेकदा एकच मेकॅनिक असतो. शिवाय आयोजकाची ‘न्यूट्रल सर्व्हिस’ असते : कोणत्याही संघाच्या स्वाराला चाक किंवा सायकल देणारी गाडी.

चाकं बघून घ्या. आताच्या रोड सायकलला आरपार ॲक्सल असतो, पुढे १२ × १०० मिलिमीटर, मागे १२ × १४२. इथवर सगळं सारखं. घोळ पुढे : डिस्क १४०ची की १६०ची, कॅसेट, म्हणजे मागची दातेरी चक्रं, ११ स्पीडची की १२ची, शिमानोची की स्रॅमची. १६०च्या जागी १४०ची डिस्क लागली तर ब्रेक पॅडचा फक्त काठ घासतो. म्हणून डिस्क आल्यापासून न्यूट्रल गाडीतून चाकापेक्षा अख्खी सायकल देणं जास्त सोपं झालं आहे. त्यासाठी तीन उंचीच्या सायकली आणि शिमानो, लुक, टाइम अशा वेगवेगळ्या पेडलांच्या जोड्या तयार ठेवायच्या. सीटच्या दांड्याला टेपच्या खुणा.

चाक काढलेलं असताना कोणी ब्रेकची मूठ दाबली तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात आणि नवं चाक आतच जात नाही. गडबडीत हे रोज होतं. खिशात प्लास्टिकची पाचर ठेवा, चाक काढताक्षणी ती पॅडमध्ये. अडकलेच तर टायर लिव्हरने हळू उघडा, स्क्रूड्रायव्हरने नाही. पॅडला ग्रीसचा हात लावू नका.

आपल्याकडे उजव्या मुठीला पुढचा ब्रेक असतो, युरोपातल्या बहुतेक स्वारांना तो डावीकडे लागतो. न्यूट्रल सायकल देताना हे स्वाराला ओरडून सांगा. घाटात पहिल्याच वळणावर त्याने चुकीची मूठ दाबली तर दोघंही अडचणीत.

कार्बनच्या हँडल-सीटला टॉर्क रेंच लागतो, साधारण ५ न्यूटन-मीटर. अंगावर येणारा ‘अजून थोडं’ हा मोह इथे दांडा चिरतो. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या बॅटऱ्या रात्री चार्ज, सकाळी सायकलला हात लावण्याआधी तपासणी. आणि हवा. जुन्या सवयीने १०० पीएसआय भरू नका. २८चा ट्यूबलेस टायर सत्तर किलोच्या माणसाला ६५ ते ७० पीएसआयला उत्तम चालतो. काठाला आतून टायर धरणारी आकडी नसलेली, म्हणजे हुकलेस रिम असेल तर ५ बार, ७२.५ पीएसआय, ही वरची हद्द आहे. ती ओलांडली की टायर रिमवरून उडू शकतो. २०२४च्या यूएई टूरमध्ये थॉमस द गेंट पडला तेव्हा टायर रिमवरून निघाला होता आणि अशा रिमवरून मोठा वाद झाला. रिमवर छापलेला आकडा आधी वाचायचा, मग पंप लावायचा. शर्यतीच्या आठवड्यात हा आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, हाताखालच्या पोराला दिसेल असा.